पठाराखालची जाडी कशी मोजतात?

तिबेटच्या पठाराची सरासरी उंची सुमारे ५००० मीटर आहे. त्याखाली भूकवच किती जाड असेल? खणून पाहावे म्हटले, तर माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथील, जेमतेम १२ किलोमीटर जाते. मग उत्तर भूकंपाकडूनच मिळवावे लागते. ते कसे, हे मला समजले तसे सांगतो.

भूकंपातून दोन मुख्य लहरी पृथ्वीच्या पोटातून धावतात. 'पी' लहर वेगवान, तर 'एस' लहर मंद असून ती द्रवातून जात नाही. १९०९ मध्ये क्रोएशियातील शास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांना आढळले, की ठराविक खोलीखाली लहरींचा वेग एकदम वाढतो. तेथे भूकवच संपून प्रावरण सुरू होते. हीच 'मोहो' सीमा.

दूरच्या भूकंपाची पी लहर खालून या सीमेवर पोहोचली, की तिचा थोडा भाग एस लहरीत बदलतो. आपल्या क्रॉस कंट्रीचे उदाहरण घ्या. दोन कॅडेट एकाच रेषेवरून एकाच क्षणी सुटले आणि दोघांचे वेग ठाऊक असले, तर शेवटी पडलेल्या अंतरावरून शर्यत किती लांब होती ते काढता येते.

गणित करू. भूकवचात पी लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर व एस लहर सुमारे ३.५ किलोमीटर जाते. म्हणजे दर किलोमीटरला एस लहर ०.१२ सेकंद मागे पडते. भूकंपमापकावर ४.२ सेकंदांचा फरक दिसला, तर जाडी ३५ किलोमीटर. खंडांखाली साधारण एवढीच असते. तिबेटमध्ये हा फरक जवळपास दुप्पट, म्हणजे जाडी सुमारे ७० किलोमीटर! (लहरी किंचित तिरप्या येतात, म्हणून प्रत्यक्षात थोडी दुरुस्ती करतात.)

याची चाहूल आधीच लागली होती. भारताच्या सर्वेक्षणात हिमालयाजवळ ओळंबा अपेक्षेपेक्षा कमी झुकला. त्यावरून १८५५ मध्ये एअरी यांनी सुचवले, की पर्वतांना खाली हलक्या खडकाची खोल मुळे असतात. शंभराहून अधिक वर्षांनी भूकंपलहरींनी तिबेटखालचे ते मूळ मोजून दाखवले. १९९० च्या दशकात चीन, अमेरिका, जर्मनी व कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण तिबेटखाली, भूकवचाच्या मध्यावर, अंशतः वितळलेल्या खडकाच्या खुणाही टिपल्या.

भूकवच एवढे जाड झाले ते भारतीय भूपट्टाच्या रेट्यामुळे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेली ही टक्कर आजही चालू आहे. याच रेट्याने १५ ऑगस्ट १९५० रोजी आसाम-तिबेट सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्यापैकी अनेकांचे वडील हिमालयातील चौक्यांवर आहेत, उद्या आपणही असू. पायाखालची ही जमीन कशी वागते, हे ठाऊक असेल तरच तेथील पूल, रस्ते आणि बराकी धक्का सोसतील अशा बांधता येतील.