रात्रीचे वादळ आणि टिनावरचे दगड

(बी. ए. भाग दोन)

उन्हाळ्यातल्या वादळाला आमच्या वाशीम जिल्ह्यातील जुनी माणसे 'वावधन' म्हणतात. मी आठवीत असताना मे महिन्याच्या एका रात्री असेच वावधन आले. आमच्या घरावर टिनपत्रे, आणि ती उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवलेले. बाबा आड्याला बांधलेल्या दोराला लोंबकळले. मायने आम्हा भावंडांना मातीच्या भिंतीशी ओढले. तेवढ्यात एक पत्रा उडाला आणि त्यावरचा दगड माझ्या रिकाम्या अंथरुणावर पडला. असे वादळ रात्रीच का येते, हा प्रश्न तेव्हापासून मनात होता. महाविद्यालयात भूगोल शिकताना त्याचे उत्तर मिळाले.

एप्रिल-मेमध्ये विदर्भाची जमीन दिवसभर तापते. बंगालच्या उपसागरावरून दमट हवा आली की ती तापून वर चढते. वाफेचे थेंब होताना उष्णता बाहेर पडते आणि ढग अधिकच उंच वाढतो. या वाढीत दुपार निघून जाते. म्हणून तडाखा बहुधा सायंकाळी किंवा रात्री बसतो. पावसाचे थेंब खालच्या कोरड्या हवेतून पडताना सुकू लागतात. त्यामुळे ती हवा गार व जड होऊन खाली कोसळते, आणि फरशीवर ओतलेल्या घागरभर पाण्यासारखी चोहोबाजूंना पसरते. यास 'डाउनबर्स्ट' म्हणतात.

टोर्नेडो निराळा. तो ढगापासून जमिनीपर्यंत उतरलेला, गरगर फिरणारा हवेचा स्तंभ होय. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत असा टोर्नेडो झाला होता. हा फरक पडलेल्या झाडांवरून ओळखता येतो. जपानमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ फुजिता यांनी १९४५ साली नागासाकीत बाँबस्फोटानंतर एका केंद्रापासून बाहेरच्या दिशेने आडवी झालेली झाडे पाहिली होती. १९७४ मध्ये अमेरिकेतील वादळांनंतर विमानातून पाहणी करताना त्यांना काही ठिकाणी तशीच रचना दिसली. त्यावरून वारा वरून कोसळतो, ही कल्पना त्यांना सुचली.

वादळ कोणतेही असो, रात्र त्याला साथ देते. दिवसा काळा ढग दुरून दिसतो. रात्री वीज चमकेल तेवढाच दिसतो. १० डिसेंबर २०२१ च्या रात्री अमेरिकेतील मेफील्ड हे छोटे शहर टोर्नेडोने उद्ध्वस्त केले. तेथे आगाऊ इशारा मिळाला होता, तरी त्या एका टोर्नेडोच्या मार्गात पन्नासहून अधिक माणसे दगावली.

आपल्याकडील उदाहरण पारसचे. वाशीम १९९८ पर्यंत ज्या अकोला जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील हे गाव. ९ एप्रिल २०२३ रोजी, रविवारी सायंकाळी अंधार पडल्यावर तेथील बाबूजी महाराज मंदिराच्या आवारात भाविक जमले होते. वादळी पाऊस आला, म्हणून लोक टिनाच्या शेडखाली थांबले. त्या शेडवर जुने कडुनिंबाचे झाड कोसळले व सात जणांचा मृत्यू झाला. माणसांनी चूक काय केली? काहीच नाही. पाऊस आला की आपण सारेच आडोशाला धावतो. परंतु पावसाचा आडोसा वाऱ्यापुढे टिकेलच असे नाही, हे पारसने शिकविले.

म्हणून मला वाटते, वादळाचा विचार ढग दिसण्याआधी झाला पाहिजे. नागपूरचे हवामान केंद्र विदर्भासाठी इशारे देते. ते सायंकाळी भोंग्यावरून गावाला ऐकवावेत. मोठ्या झाडाखालच्या शेडमध्ये थांबू नये. शाळेसारखी पक्की इमारत रात्री उघडी मिळावी.

गेल्या उन्हाळ्यात बाबांनी आणि मी टिनावरचे सगळे दगड खाली उतरविले आणि पत्रे आकड्याच्या बोल्टांनी लाकडांना आवळले. बाबा शाळेत गेलेले नाहीत. पान्हा फिरवीत त्यांनी विचारले, "हे बी तुह्या पुस्तकात हाय काय?"

मी म्हणालो, "वारा आहे, बाबा. दगड नाही."

तो दगड मीच लिहावा, म्हणून हा लेख.