स्क्रीनवरची पाच बटणे



बोरिवलीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये दर शनिवारी राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरची काही मुले-मुली लाकूडकाम शिकायला येतात. तिथे एक लहान सीएनसी राउटर आहे. संगणकाच्या हुकमाने तीन दिशांना फिरून लाकूड कोरणारे हे यंत्र. मी ते चालवायला शिकवतो. या वेळच्या अभ्यासलेखात, मला ते नीट शिकवता येत नव्हते हे कसे कळले, ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात सतरा वर्षांचा एक मुलगा आपली पहिली पाटी कोरत होता. त्याला टूलच्या उंचीचे शून्य ठरवायचे होते. स्क्रीनवर शेजारी-शेजारी दोन इंग्रजी बटणे होती, ‘झीरो झेड’ आणि ‘गो टू झीरो’. त्याने दुसरे दाबले. यंत्र आदल्या कामाच्या शून्याकडे धावले, टूल पाटीत घुसून मोडले. कुणाला लागले नाही. पण पुढचे दोन शनिवार तो आलाच नाही.

मी त्याला निष्काळजी ठरवून मोकळा झालो होतो. मग एका संध्याकाळी स्क्रीनवरची बटणे मोजली. चाळीसहून अधिक भरली. रोजच्या कामाला त्यातली पाच लागतात.

पहिला धडा: आधी कागद, मग संगणक. मुलांना विचारले, “काम कोणत्या क्रमाने करतो?” त्यांनी सांगितले ते लिहिले: यंत्र चालू करणे, मूळ जागी नेणे, लाकडाचा कोपरा ठरवणे, उंची मोजणे, कोरणे. हीच पाच बटणे झाली, याच क्रमाने, याच शब्दांत.

दुसरा धडा: बदलता येईल असा प्रोग्राम निवडावा. हौशी यंत्रांसाठी असे प्रोग्राम आहेत. माक-३ मध्ये स्क्रीन आपल्या सोयीने मांडून बटणामागे बेसिकसारख्या भाषेत हुकूम लिहिता येतात. माक-४ मध्ये त्यासाठी लुआ ही भाषा आहे. आम्ही लिनक्ससीएनसी घेतले. ते मोफत आहे. त्याचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या, म्हणजे निस्टच्या, एका नियंत्रक प्रकल्पात आहे. त्यात यंत्र हलवणारा भाग आणि दिसणारी स्क्रीन वेगवेगळे असतात, म्हणून स्क्रीन बदलली तरी चालवणारा भाग तसाच राहतो. पहिला प्रयत्न पायव्हीसीपी या सोप्या पद्धतीने केला, पण आमच्या संगणकावर मराठीच्या वेलांट्या भलत्याच जागी पडल्या. मग ग्लेडव्हीसीपी वापरले. त्यात अक्षरे नीट उमटली.

तिसरा धडा: बटणामागचे वाक्य वाचता आले पाहिजे. ‘उंची मोज’ या बटणामागची फाइल अशी आहे:

जी ९१: यापुढची अंतरे आहेस त्या जागेपासून मोज.
जी ३८.२ झेड -२० एफ ६०: मिनिटाला ६० मिलिमीटर या संथ गतीने जास्तीत जास्त २० मिलिमीटर खाली ये, पण धातूच्या पट्टीला टेकताच थांब.
जी १० एल २० पी १ झेड १२.५: ही जागा लाकडाच्या वर १२.५ मिलिमीटर आहे असे समज. आमची पट्टी तेवढी जाड आहे.
जी ० झेड १०: दहा मिलिमीटर वर उचल.
जी ९०: पुन्हा ठरवलेल्या शून्यापासून मोजायला लाग.

शेवटची ओळ विसरली, तर पुढचे सगळे काम भलतीकडे जाऊ शकते.

चौथा धडा: माणूस विसरणार, हे धरून चालावे. टूल पट्टीला टेकले की तारेतून संकेत जातो आणि यंत्र थांबते. तारेचा चिमटा लावायला विसरलो, तर संकेत जाणारच नाही आणि टूल पट्टीवर दाबले जाईल. म्हणून स्क्रीनवर एक दिवा ठेवला. पट्टी हाताने टूलला लावायची, दिवा लागला पाहिजे. एकदा तो लागल्याशिवाय ‘उंची मोज’ हे बटण दाबलेच जात नाही. तसेच, यंत्र मूळ जागी गेल्याशिवाय ‘कोर’ हे बटण फिकेच राहते.

पाचवा धडा: ‘थांब’ स्क्रीनवर सोडू नये. संगणक अडकला तर स्क्रीनवरचे बटणही अडकते. म्हणून मोटारींची वीज थेट तोडणारे लाल बटण यंत्राच्या पुढच्या बाजूला, डाव्या हाताशी बसवले आहे. प्रत्येक वर्गाची सुरुवात ते दाबून बघण्याने होते.

सगळे जमल्यावर त्या मुलाच्या बहिणीकडे निरोप पाठवला, “चूक स्क्रीनची होती, आणि ती तशीच ठेवली ही माझी. त्याला ये म्हणावं.” तो आला. पाचही बटणे दाबून पाहिली, पाटी पूर्ण केली. मग विचारले, “काका, या बटणाच्या मागं काय लिहिलंय?”

खरे सांगतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. चाळीस बटणे झाकून पाच ठेवली, तर काम सोपे होते. पण मूल तेवढ्यावरच थांबले, तर ते नुसते बटण दाबणारे होते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्या विचारावर. २००२ मध्ये तिथेच फॅब लॅबही आली. खेड्यातल्या मुलांना साधने वापरण्याबरोबर ती बनवताही यावीत, हा तिथला आग्रह. मी त्यातला पहिला अर्धाच भाग केला होता.

त्या दिवशी फाइल उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने दोन शनिवार घालवून सहावे बटण लिहिले. ते आधी टूल वर उचलते, मगच ते मागच्या कोपऱ्यात नेते, म्हणजे लाकूड काढताना हात टूलखाली जात नाही. माझ्या पाच बटणांत ही काळजी राहून गेली होती.

बटणावर काय लिहायचे, असे विचारले. त्याने ‘बाजूला हो’ असे लिहिले.

विचारासाठी: आपण दुसऱ्याला शिकवतो, तेव्हा त्याच्या चुकीतला किती भाग आपल्या मांडणीचा असतो? आणि सोपे करून देताना आपण त्याच्यापासून काय झाकून ठेवतो?