बागेतला वाघ आणि दाराशी येणारा बिबट्या

दिंडोशीच्या माणसाला बिबट्या पाहायला राणीच्या बागेत जावे लागत नाही, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात. गंमत खरी, पण तिच्यात खोटे काही नाही.

दिंडोशी मुंबईच्या उपनगरात आहे. गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्वेला. पूर्वी ते गाव होते. आता तेथे बसचा डेपो आहे, कोर्ट आहे, उंच उंच इमारती आहेत, आणि डोंगराच्या उतारावर दाटीने बसलेली घरे आहेत. घरे संपली की रान सुरू होते. त्या रानाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. जुनी माणसे त्याला बोरिवलीचे जंगल म्हणतात. हे रान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे दोन तलाव याच रानात आहेत. विहार तलाव १८६० साली बांधून झाला, तुळशी १८७९ साली. तेव्हापासून मुंबईकर या रानाचे पाणी पीत आला आहे.

याच रानात बिबटे राहतात. कोणी त्याला बिबळ्या म्हणतात. आता रानातले बिबटे मोजायचे कसे? तर वाटेवर जागोजागी कॅमेरे लावून ठेवतात. रात्री बिबट्या पुढून गेला की फोटो आपोआप निघतो. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके निराळे असतात. जसा प्रत्येक माणसाच्या अंगठ्याचा ठसा निराळा. तुम्ही आता सही करता, पण अंगठ्याचे दिवस विसरला नसाल! तर २०१५ साली अशी मोजणी झाली तेव्हा हे रान आणि त्याला लागून असलेली आरे वसाहत मिळून ३५ बिबटे दिसले. २०१८ साली ४७ दिसले.

मग राणीच्या बागेत कशाला जायचे? जायचे. सुटी लागली की मुले हट्ट धरतात, तो पुरवावा. ही बाग भायखळ्याला आहे. तिचे आताचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. दीडशेहून अधिक वर्षांची जुनी बाग आहे. दिंडोशीहून निघालात तर गोरेगाव किंवा मालाड स्टेशनवर या, दादरला गाडी बदला आणि भायखळ्याला उतरून पूर्वेला चालत जा. बुधवारी बाग बंद असते, तेवढे ध्यानात ठेवा. पोराबाळांना घेऊन दारापर्यंत जायचे आणि कुलूप पाहून परतायचे, यासारखा हिरमोड नाही.

बागेत प्रत्येक प्राण्यापुढे पाटी असते. बहुतेक लोक पाटीकडे पाहत नाहीत. प्राण्याकडे बोट दाखवतात, "हा बघ, हा बघ" म्हणतात आणि पुढे पळतात. तुम्ही तसे करू नका. तुम्हाला आता वाचता येते. पाटीपुढे थांबा आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. प्राण्याचे नाव काय, तो राहतो कुठे, खातो काय, हे तिथे लिहिलेले असते. वाचताना अडखळलात तरी हरकत नाही. मुले हसणार नाहीत. हसली तर हसू द्या. आई किंवा बाप पाटी वाचतो आहे, हे पाहणे मुलांना वाघ पाहण्याइतकेच नवे असते.

आणखी एक. माकडाला शेंगदाणे टाकणे, हरणाला पाव टाकणे, यात पुण्य नाही. त्यांना ठरलेला खुराक मिळतो. बाहेरचे खाऊन ती आजारी पडतात. प्लॅस्टिकची पिशवी हरणाने गिळली तर ती पोटात अडकते आणि मुके जनावर झुरून मरते. वाघ झोपला असला तर त्याला उठवायला काच ठोकू नये, ओरडू नये. आम्ही शाळेच्या सहली पुष्कळ नेल्या. मुले एकदा सांगितले की ऐकतात. खडे मारणारे बहुधा मोठेच असतात, हे आम्ही पाहिले आहे.

काही लोक विचारतात, जनावरांना असे कोंडून ठेवणे बरे काय? प्रश्न योग्य आहे. नुसत्या करमणुकीसाठी कोंडले तर ते बरे नव्हे. पण कधी कधी पिंजरा म्हणजे बियाण्याची कणगीही असते. अरबस्तानात ओरिक्स नावाचे एक पांढरे हरिण असते. शिकार करून करून लोकांनी ते संपवले. १९७२ सालापर्यंत रानात एकही उरले नाही. पण त्याआधीच काही हरणे अमेरिकेतल्या एका प्राणिसंग्रहालयात नेऊन जपली होती. तिथे त्यांची वीण वाढली, आणि १९८२ साली ओमान देशात ती पुन्हा वाळवंटात सोडली. आपल्या देशातला चित्ता मात्र असा जपला गेला नाही. तो १९५२ साली नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. २०२२ साली आफ्रिकेतून ८ चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोच्या रानात सोडले, ते तुम्ही ऐकले असेल. पण ते परक्या देशचे. आपल्या चित्त्याचे बी गेले ते गेलेच.

कणगीतले बी पेरायला शेत लागते. तसे पिंजऱ्यात जपलेल्या जिवाला सोडायला बाहेर सुरक्षित जागा लागते. ती जागा बागेचा डॉक्टर देऊ शकत नाही. ती आपल्या हातात असते. कशी, ते गिधाडाच्या गोष्टीवरून कळेल.

आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत. थोड्या वेळात हाडे तेवढी शिल्लक. आज तशी गिधाडे कुणाला दिसतात? पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ साली जिथे हजार होती, तिथे २००७ साली जेमतेम एक उरले. आधी कुणाला कारण कळेना. मग २००४ सालच्या सुमारास उलगडा झाला. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचत. औषध टोचलेले जनावर लगेच मेले, तर ते औषध त्याच्या मांसात राहते. ते मांस गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. दोन-चार दिवसांत पक्षी मरतो. एका ढोरावर कितीतरी गिधाडे बसतात. तेव्हा एका ढोराने किती मेली असतील, याचा हिशेब तुम्हीच करा. शेतकऱ्याने हे मुद्दाम केले नाही. त्याला बैल बरा करायचा होता.

२००६ साली हे औषध गुरांना देण्यास बंदी झाली. २०२३ साली कीटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक या दोन औषधांवरही गुरांपुरती बंदी आली. ती सुद्धा गिधाडांना मारक आहेत. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध गुरांना चालते आणि गिधाडांनाही बाधत नाही. तेव्हा गुरांच्या डॉक्टरला विचारा, "डॉक्टरसाहेब, बाटलीवरचं नाव जरा दाखवा." त्यात कमीपणा नाही. नाव वाचा. डायक्लोफेनॅक माणसांसाठी अजून मिळते. ते दुकानातून आणून गोठ्यात वापरू नका.

मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी नावाची संस्था आहे. तिचे निसर्ग शिक्षणाचे केंद्र आमच्या दिंडोशीजवळच, गोरेगावच्या चित्रनगरीला लागून आहे. या संस्थेने सरकारच्या मदतीने हरियाणात पिंजोर येथे गिधाडे पाळून त्यांची वीण वाढवली. पण मोठ्या पिंजऱ्यात वाढलेले गिधाड सोडायचे, आणि त्याने पहिल्याच दिवशी विषारी ढोर खायचे, तर काय उपयोग? गावोगावचे गोठे सुधारल्याशिवाय ते पिंजरे मोकळे होत नाहीत.

गिधाडे गेली आणि मेलेली ढोरे कुत्र्यांना मिळू लागली. कुत्री वाढली. इथून पुन्हा आमच्या बिबट्याकडे येऊ, कारण कुत्रा हे त्याचे आवडते खाणे.

बिबट्या वस्तीत का येतो? लोक म्हणतात, रानात खायला नाही म्हणून. तेवढेच खरे नाही. रानात हरणे आहेत, रानडुकरे आहेत. पण वस्तीच्या कडेला कचऱ्याचा ढीग असतो. शिळे अन्न, कोंबडीची आतडी, मासळीचा घाण भाग, सगळे तिथे पडते. त्यावर कुत्री आणि डुकरे जमतात. हरिण पकडायला मेहनत पडते. कुत्रा सोपा. मग बिबट्या रात्री कचऱ्यापाशी येतो. तो माणसासाठी येत नाही. पण त्याच वाटेवर अंधारात एखादे मूल एकटे शौचाला बसलेले असते. उभा माणूस बिबट्याला उंच दिसतो, त्याला तो बिचकतो. बसलेले मूल त्याला लहान जनावरासारखे दिसते. आणि घात होतो.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीच्या सकाळी, आरे वसाहतीत दीड वर्षाचीही न झालेली मुलगी बिबट्याने नेली. तिचा जीव गेला. अशा आईपुढे उभे राहून "बिबट्या वाचवा" असे म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून आम्ही आधी पोरे वाचवा असे म्हणतो. जी कामे केल्याने पोरे वाचतात, त्याच कामांनी बिबट्याही वाचतो. कचरा वेळच्या वेळी उचलला गेला पाहिजे. पालिकेची गाडी येत नसेल तर दहा घरांनी मिळून अर्ज करा. आता अर्ज लिहिता येतो ना? संडास घराजवळ हवा, आणि त्याच्या वाटेवर दिवा हवा. अंधार पडल्यावर लहान मुलाला एकटे सोडू नये. रात्री कामावरून येताना बॅटरी हाती धरावी, मोठ्याने बोलत यावे किंवा मोबाइलवर गाणे लावावे. बिबट्याला माणसाची चाहूल लागली की तो आपणहून बाजूला होतो. कोंबड्यांचे खुराडे आणि शेळ्यांचा गोठा रात्री वरूनही बंद हवा. नुसत्या कुडाचा भरवसा नाही.

वस्तीतल्या एक बाई आम्हांला म्हणाल्या, "मास्तर, एवढं सगळं करण्यापरीस त्याला धरून लांब नेऊन का सोडत नाहीत?" पुष्कळांच्या मनात हेच असते. हे करून पाहिले आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरला २००१ सालापासून पुष्कळ बिबटे धरून दूरच्या रानांत सोडले. विद्या अत्रेय या संशोधक बाईंनी पुढे त्याचा हिशेब मांडला. त्या भागात आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत. बिबटे हलवू लागल्यावर ते सरासरी १७ झाले. कारण असे. बिबट्याला आपली हद्द असते. परक्या मुलखात नेऊन सोडला की तो बावरतो. त्याला पाणी ठाऊक नाही, लपायची जागा ठाऊक नाही. तो आपल्या घराकडे परत निघतो, आणि वाटेत गावे लागतात. इकडे त्याची रिकामी झालेली हद्द दुसरा बिबट्या घेतो. तो नवखा असतो.

बोरिवलीच्या रानातही एके काळी बाहेरचे बिबटे आणून सोडत. २००४ सालच्या जून महिन्यात या रानाच्या कडेला एकामागून एक माणसे दगावली. त्यानंतर बाहेरचे बिबटे आणणे थांबले. २०११ सालापासून वनखात्याने वस्त्यांवस्त्यांतून लोकांशी बोलायला सुरुवात केली. आजही कधी कधी घात होतो. माणसांवर हल्ले करणारे जनावर धरावेच लागते, आणि ते धरतातही. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा लावा, हा हट्ट आम्हांला पटत नाही.

आरेच्या पाड्यांवर वारली लोक वाघोबाला मानतात. त्याचे देवस्थान असते. दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारस येते. शिकलेले लोक याला अडाणीपणा म्हणतात. आम्ही म्हणत नाही. त्या लोकांना बिबट्याचे भय नाही असे नाही. पण ज्याच्याशी रोजचा शेजार आहे त्याच्याशी कसे वागावे, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवले आहे. टॉवरमध्ये राहायला आलेल्या माणसाला खिडकीतून बिबट्या दिसला की तो आधी घाबरतो आणि मग त्याचा व्हिडिओ सगळीकडे धाडतो. गर्दी जमते ती अशी.

आणि खरा धोका गर्दीतच आहे. बिबट्या चुकून घरात, गोठ्यात किंवा विहिरीत शिरला, तर लोक काठ्या घेऊन वेढा घालतात. निघायची वाट बंद झाली की भेदरलेले जनावर समोर येईल त्याच्यावर झेप घेते. अशा वेळी त्याला बाहेर जायला वाट मोकळी ठेवावी. तो ज्या खोलीत शिरला असेल तिचे दार बाहेरून लावता आले तर लावावे, आणि दूर व्हावे. मग १९२६ हा नंबर फिरवावा. हा महाराष्ट्राच्या वनखात्याचा नंबर आहे. हे चार आकडे घराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने मोठे लिहून ठेवा. फोनवर ओरडू नका. जागा कोणती, ते आधी सांगा. वस्तीचे नाव, जवळची शाळा किंवा देऊळ, गाडी कुठवर येते, हे सांगा. जनावर जखमी आहे का, माणूस जखमी आहे का, ते सांगा. आपले नाव सांगा आणि फोन चालू ठेवा. गाडी येईपर्यंत शेजारची लहान मुले आपल्या घरात घ्या. मोठ्यांपैकी कोणी फोटो काढायला बाहेर निघाला, तर त्यालाही आत ओढा.