चिंध्यांतून रंगविद्या

रंगांची पेटी नाहीं म्हणून चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसणारे विद्यार्थी पुष्कळ वर्गांत आढळतात. त्यांस व त्यांच्या आईबापांस प्रथम सांगावयाचें तें हें कीं, रंगांचें परस्परांशीं असलेलें नातें शिकण्यास पेटी लागत नाहीं. शिंप्याकडील कातरण, फाटक्या लुगड्याचे धडपे व रंगीत कागदाचे तुकडे एवढें साहित्य पुरे होतें. लावलेला रंग उचलतां येत नाहीं. चिंधी मात्र शंभर ठिकाणीं ठेवून पाहतां येते. याच सोयीसाठीं जोसेफ आल्बर्स हे विख्यात कलाशिक्षक अमेरिकेंतील येल विद्यापीठांत विद्यार्थ्यांकडून रंगीत कागदांच्या मांडण्या करवून घेत. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या जिल्ह्यांतील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथून तर पहिल्या शतकांत भडोचच्या बंदराकडे कापड जात असे. तेव्हां येथील मुलांनीं कापडाजवळ शिकावें यांत नवल तें काय?

पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यांत भिंतीवरील चित्रपट विणले जात. तेथील रंगखात्याचे प्रमुख म्हणून शेव्हरल नांवाच्या रसायनशास्त्रज्ञांची १८२४ सालीं नेमणूक झाली. काळा रंग नीट उठत नाहीं, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनीं शोध केला तों काळा धागा निर्दोष निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळें तो निस्तेज भासत होता. दोष रंगाऱ्याचा नव्हता, शेजाराचा होता! यावरूनच त्यांचा १८३९ चा प्रसिद्ध ग्रंथ निर्माण झाला.

हें घरीं पडताळून पाहा. फार फिका नव्हे, फार गडदही नव्हे, अशा राखी कापडाचे दोन लहान, सारखे चौकोन कापा. एक तांबड्या कापडावर व दुसरा हिरव्या खणावर मधोमध ठेवा. पहिला किंचित् हिरवट व दुसरा किंचित् तांबूस भासूं लागेल. वर झिरझिरीत पांढरा कागद पसरल्यास हा भास अधिकच स्पष्ट होतो. खरें न वाटल्यास दोन्ही चौकोन उचलून एकमेकांस जोडावे.

रंगाप्रमाणें उजळपणाही ओळखावयास हवा. वाकळीसाठीं तुकडे मांडून झाल्यावर डोळे अर्धवट मिटून पाहावें. हळदी व जांभळा वेगळे राहतात, पण सारख्याच गडद तांबड्या-हिरव्यांची सीमा पुसट होते.

धूपछांव पैठणींत ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून घडी हलली कीं रंग पालटतो. ओला निळा व पिवळा कालवल्यास हिरवा होतो. परंतु त्याच रंगांच्या कागदी पट्ट्या अगदीं अरुंद कापून चटईप्रमाणें विणा व दूर उभे राहा, तर हिरव्याऐवजीं बहुधा राखट छटाच दिसेल.

हें साधल्यावर उलट प्रयोग करावा. थोड्या निरनिराळ्या दोन राखी तुकड्यांखालीं असे रंग निवडावे कीं ते दोन्ही एकसारखे दिसतील. हें काम एका बैठकींत क्वचितच साधतें. सबब पालकांनीं चिंध्यांचें गाठोडें आवरण्याची घाई करूं नये.