हौशी उड्डाण आणि नियमांची पायरी

हौसेखातर आकाशात उडणाऱ्यावर शासनाने किती बंधने घालावीत? प्रवासी विमानांचे सारे नियम छोट्या क्रीडाविमानांना लावले, तर खर्चापायी हौशी वैमानिक उड्डाण सोडून देतो किंवा नियम टाळून उडू लागतो. नियमच नसले, तर त्याच्या सोबत्याचा आणि खाली वावरणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो. यातून अमेरिकेने काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे.

स्वतःपुरता धोका

१९८२ मध्ये तेथील फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने अतिहलक्या विमानांसाठी स्वतंत्र नियम केले. एकच आसन, रिकामे वजन ११५ किलोग्रॅमपर्यंत, इंधन सुमारे १९ लिटर आणि वेग ताशी सुमारे १०२ किलोमीटर, एवढ्या मर्यादेतील इंजिनयुक्त विमानास नोंदणी लागत नाही व चालविणाऱ्यास परवानाही लागत नाही. मात्र उड्डाण दिवसाच करावयाचे. दाट वस्तीवरून किंवा उघड्यावरील जनसमुदायावरून उडण्यास मनाई आहे. स्वतः धोका पत्करण्याची मुभा, परंतु तो दुसऱ्यावर लादण्यास बंदी, हे या नियमांचे सूत्र होय.

सोबती आला की

प्रशिक्षणासाठी दोन आसनी विमानांना सवलत देण्यात आली होती. तिचा आधार घेऊन अनेक जण केवळ सहलीसाठी सोबत्यास घेऊन उडू लागले. यावर उपाय म्हणून १ सप्टेंबर २००४ पासून ‘हलके क्रीडाविमान’ हा नवा वर्ग निर्माण झाला. त्यात आसने फार तर दोन आणि जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे भारासह वजन ६०० किलोग्रॅमपर्यंत असे. क्रीडा वैमानिकास किमान २० तासांचे उड्डाण आवश्यक ठरले. वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटार चालविण्याचा परवाना ग्राह्य धरण्यात आला. सवलतीवर उडणाऱ्या जुन्या विमानांना नव्या वर्गात येण्यासाठी ३१ जानेवारी २००८ पर्यंत अवधी मिळाला.

वजनाऐवजी वेग

वजनाच्या अटीमुळे मजबूत सांगाडा किंवा जादा संरक्षक साधने बसविणे कठीण जाई. म्हणून जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी वजनाऐवजी वेगाचा निकष स्वीकारला. ज्या वेगाखाली पंख विमानास तोलून धरू शकत नाहीत, तो वेग क्रीडा वैमानिकाच्या विमानासाठी ५९ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १०९ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. सावकाश उतरणाऱ्या विमानात बचावाची शक्यता अधिक. विमान चार आसनी असले तरी क्रीडा वैमानिकास सोबत एकच प्रवासी नेता येतो.

आपल्याकडील विचार

भारतात केंद्र शासनाने २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पॅराग्लायडिंग, ग्लायडिंग व मायक्रोलाइट यांचा त्यांत समावेश आहे. पुणे जिल्ह्यातील कामशेतसारख्या ठिकाणी पॅराग्लायडिंग रुजले आहे. अशा गावांतील पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: उड्डाणाच्या मार्गाखाली वस्ती आहे काय, शिकविणारा प्रशिक्षित आहे काय आणि सोबत उडणाऱ्यास धोक्याची पूर्ण कल्पना दिली आहे काय? धोक्याचा भार ज्याच्यावर पडतो, त्याचे रक्षण हाच नियमनाचा खरा हेतू होय.