मालकाचे काम कोणते?

लहान दुकानात मालकही आपणच आणि गडीही आपणच. पहाटे झाडायचे, माल मांडायचा, तागडी धरायची, पुड्या बांधायच्या, उधारी लिहायची. माल संपला की एस. टी. धरून बीडला जायचे. त्या दिवशी दुकानाला कुलूप. गिऱ्हाईक येते, कुलूप बघते आणि पलीकडच्या दुकानात जाते.

"काय करावं गुरुजी, हात दोनच हायेत," असे दुकानदार म्हणतात. खरे आहे. पण ते दोन हात कुठे लावायचे, हे आपण ठरवतो का?

आता एक खरी हकीकत वाचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. १८८८ साली त्यांनी बेळगावला सायकलींचे दुकान काढले. नोकरी मुंबईला, दुकान बेळगावला! मग ते चालले कसे? लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन पाठवीत. त्यांचे थोरले भाऊ रामूअण्णा त्या बेळगावात विकीत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. खरेदी एकाकडे, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे.

पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन नासते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर लवकर खपेनात. १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. वसाहतीचा कारभार रामूअण्णांनी अंगावर घेतला. शंकरराव किर्लोस्करांनी जाहिरातीचे काम पाहिले आणि १९२० साली मासिकही काढले. लक्ष्मणरावांचे लक्ष यंत्रावर राहिले. घरे, पाणी, जाहिरात हे सारे त्यांनीच धरून ठेवले असते, तर नांगर सुधारायला वेळ कुठून मिळता?

तुमचे दुकान म्हणजे कारखाना नव्हे. पगारी माणूस परवडत नाही. पण घरात माणसे असतात. पुष्कळ दुकानांत तागडी घरधनीणच धरते. तिला मालकीण मात्र कोणी म्हणत नाही. म्हटले पाहिजे, आणि गल्ल्याची किल्लीही दिली पाहिजे. झाडलोट, पुड्या, पोते उतरवणे ही कामे दुसऱ्याने केली तरी चालतात. थोडी वाकडी पुडी बांधली गेली म्हणून गिऱ्हाईक तुटत नाही.

खरेदी मात्र मालकाने करावी. समजा, तुम्ही ५० किलो साखर आणता. चार दुकाने फिरून किलोमागे १ रुपया कमी पडला, तर ५० रुपये वाचले. तेवढा वेळ पुड्या बांधून ५० रुपये सुटतील का? म्हणून काय आणायचे ते आदल्या रात्री कागदावर लिहावे, आणि बाजाराला जाताना दुकान उघडेच ठेवून जावे.

दुसरे काम उधारीच्या वहीचे. ते कोणावर सोपवू नये. आता तुम्हाला लिहिता येते. मग दुसऱ्याच्या पोराकडून आकडे का लिहून घ्यायचे?

आपल्या बीड जिल्ह्यात याला फार महत्त्व आहे. दसरा झाला की कितीतरी घरे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ती परततात पाच-सहा महिन्यांनी. तोपर्यंत तुमचा पैसा अडकला, आणि तुमच्या व्यापाऱ्याला तुम्ही काय सांगणार? मुकादमाची उचल हातात पडते, पण तिला वाटा फार. जुने देणे, औषधपाणी, पोरीचे लग्न. म्हणून भाद्रपदात बाकीची कामे घरच्यांकडे द्यावीत आणि मालकाने वही घेऊन बसावे. एकेका घरी जावे, आकडा मोठ्याने वाचून दाखवावा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करावी. दरडावू नये. हीच माणसे जाताना तेल, मीठ, तिखट, डाळ भरून नेतात. त्या पंधरवड्यात दुकानात माल नसेल, तर वर्षाची मोठी विक्री गेली. त्याची खरेदी आधीच उरकावी.

आणखी एक गोष्ट राहते. आईबाप उसाला जातात, म्हातारी आणि शाळेतली पोरे गावात राहतात. त्यांना तुम्ही नाही म्हणू शकत नाही, म्हणूही नये. पण महिन्याला किती रुपयांचा माल द्यायचा, हे घरच्या कर्त्या माणसाशी गाडी हलायच्या आधीच बोलून घ्यावे. तो आकडा वहीत लिहावा, त्याखाली दोघांनी सही करावी आणि म्हातारीलाही तो सांगून ठेवावा.