आधी ढाळ, मग हिरवळ

आमच्या घरामागची मोकळी जागा 20 फूट रुंद आणि 25 फूट लांब. मांजरी गावाकडची जमीन, मूळची उसाची. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चप्पल ओढून काढावी लागेल असा चिखल, अशी ही काळी माती. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चालायला मऊ, सपाट जागा हवी होती. खरी हिरवळ दोनदा लावली आणि घराच्या सावलीत दोन्ही वेळा गेली. म्हणून मे महिन्यात कृत्रिम गवत बसवून घेतलं. बसवणाऱ्यांनी फावड्याने माती सारखी केली, तण येऊ नये म्हणून काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि त्यावर रोल पसरले. दोन दिवसांत काम झालं, 35,000 रुपये दिले. पहिल्या संध्याकाळी नाना पाऊण तास चालले. माझे तर डोळे भरून आले.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला. सकाळी नानांनी पाऊल टाकलं तर गवत पाण्याने भरलेल्या गादीसारखं दबलं आणि ते घसरले. दाराची चौकट हाताला लागली म्हणून निभावलं. तो क्षण आठवला की आजही छातीत धस्स होतं. पुढच्या पंधरा दिवसांत वास सुटला, डास वाढले आणि मागच्या खोलीच्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढली.

शेवटी मी एक कोपरा उचलला. खाली काळा, गुळगुळीत राडा होता आणि त्यात मेलेली गांडुळं. गवताच्या पाठीला पाणी जाण्यासाठी भोकं असतात, त्यातली बरीच चिखलाने बुजली होती. उरलेल्या भोकांतून पाणी उतरलं होतं ते प्लॅस्टिकवर साचून राहिलं होतं. ‘पाणी खाली निघून जातं,’ असं मला सांगण्यात आलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. खाली गेल्यावर ते पुढे कुठे जाणार, हे मात्र मी विचारलंच नव्हतं. काळी माती एकदा भिजून फुगली की पाणी फार सावकाश पिते. जमिनीने ते घेतलं नाही, तर त्याला दुसरी वाट हवी.

ओळखीतले एक जुने गवंडी आले. मी गवताविषयी बोलत होते तर म्हणाले, “ताई, गवत राहू द्या. पाणी कुठं सोडायचं ते आधी बघू.” ते आधी रस्त्याच्या पावसाळी गटाराशी गेले. त्याचा तळ आमच्या अंगणापेक्षा पुरेसा खाली आहे ना, याची खात्री केली. तो वर असता तर कितीही पाईप टाकले तरी पाणी उलटं घरात आलं असतं. मग पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक त्यांनी घराच्या भिंतीशी धरलं, दुसरं मी कुंपणाच्या भिंतीशी. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने खूण केली आणि तिथून जमिनीपर्यंत मोजलं. घराकडची बाजू चार इंच खाली निघाली! पाया भरताना मागे लोटलेली माती वर्षानुवर्षं दबत जाते आणि अंगणाचा उतार नकळत घराकडे होतो. शिवाय गच्चीचे दोन्ही पन्हळ तिथेच पडत होते. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. आमची गच्ची 900 चौरस फुटांची. 40 मिलिमीटर पावसात गच्ची आणि अंगण मिळून पाच हजार लिटरच्या वर पाणी जोत्याच्या कडेला गोळा होत होतं. दोष गवताचा नव्हताच.

दुरुस्तीला 90,000 रुपये लागले. फूटभर काळी माती काढली. मुरूम थरांनी टाकून, पाणी मारून, धुम्मसाने चोपला. ढाळ घरापासून दूर काढला, 25 फुटांत तीन इंच. जास्त उतार दिला असता तर नानांच्या पायाला जाणवला असता. कुंपणालगत दीड फूट खोल चर खणून त्यात पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, खडीचा थर दिला आणि भोकांचा चार इंची पाईप भोकं खाली करून ठेवला. वरून खडी भरून कापड मिटवलं आणि पाईपचं टोक शेवटी चेंबरमधून गटारात सोडलं. अंगणभर मुरमावर खडी, खडीवर कच आणि त्यावर गवत. प्लॅस्टिक कुठेच नाही. गच्चीचं पाणी बिनभोकाच्या वेगळ्या पाईपने थेट गटारात नेलं. भोकांच्या पाईपला ते जोडलं असतं तर गच्चीचा लोंढा अंगणाखालीच पसरला असता.

तुम्ही गवत घ्यायच्या विचारात असाल तर आधी एक पावसाळा जाऊ द्या. छत्री घेऊन भर पावसात अंगणात उभं राहा, पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते बघा, खडूने खुणा करा. मे महिन्यात सगळीच अंगणं चांगली दिसतात. थांबणं शक्य नसेल तर फूटभर खोल खड्डा करून त्यात पाणी भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं तर जमिनीवर भिस्त ठेवू नका. जवळ गटार नसेल तर शोषखड्डा घ्यावा लागेल. तो पायापासून लांब हवा आणि काळ्या मातीत तर मुरमापर्यंत खोल गेलाच पाहिजे, नाहीतर तो नुसता हौद होतो. पावसाचं पाणी संडासाच्या चेंबरला जोडा असं कुणी सुचवलं तर त्याला तिथेच थांबवा, कारण मोठ्या पावसात तीच घाण उलटून मोरीत येते. खाली फरशी किंवा कोबा असेल तरी ढाळ तपासा: बादलीभर पाणी ओता आणि डबकं राहतं का ते बघा. गवताची पातळी जोत्याच्या निदान सहा इंच खाली ठेवा.

आणि बसवणाऱ्याशी बोलताना गवताची जाडी, रंग, हमी यांच्या आधी एकच विचारा: पाणी कुठे सोडणार? उत्तर देताना त्याने हात करून जागा दाखवली पाहिजे.

नाना आता रोज सकाळी चालतात. पाऊस थांबून तासभर झाला की पायाखाली ओलसर लागतं, पण दबत नाही. मागच्या खोलीची भिंत वाळायला मात्र पुरतं वर्ष गेलं, त्याआधी रंग लावू दिला नाही. पाईपच्या शेवटच्या चेंबरचं झाकण मी दर मे अखेरीस उघडते. गेल्या वर्षी अर्धं घमेलं गाळ निघाला.